तळाशी उरलेलं

हेमलता पोतनीसचं काम सांगायला सोपं होतं. एखादी पूड पाण्यात किती विरघळते, ते मोजायचं. जबलपूरच्या गोहलपूर भागात, वर्कशॉपांच्या गल्लीमागे एक खाजगी लॅब होती. औषधं आणि रंग बनवणाऱ्या कंपन्या आपले नवे पदार्थ तिथे तपासायला पाठवत. फ्लास्कमध्ये पाणी घ्यायचं, त्याला पेलवेल त्याहून जास्त पूड टाकायची, कोमट पाण्याच्या टाकीत तो फ्लास्क दिवसरात्र हलता ठेवायचा, मग ठरलेल्या तापमानाला निवू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी गाळून मशीनला लावायचं. नियम मात्र एक होता. तळाशी थोडी पूड उरलेली दिसलीच पाहिजे. ती उरली तरच पाण्याचं पोट भरलं म्हणायचं. काहीच उरलं नाही, तर पाण्यात अजून किती मावलं असतं ते मशीनही सांगू शकत नाही.

हे उरलेलं डोळ्यांनीच पाहावं लागतं, आणि हेमलताचे डोळे वर्षभरापासून जात होते.

तिच्या आईला, इंदूताईंना, झाला होता तोच काचबिंदू. आईची नजर गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, मुलीनेही दरवर्षी तपासून घ्यावं. कामात हेमलता एवढी चोख, पण ते तेवढं राहून गेलं. आता डॉक्टर म्हणत होते, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी सांभाळायची. थेंबांची बाटली ती घराजवळच्या सदर बाजारात घेत नसे. कमानिया गेटपाशी उतरून, ओळख नसलेल्या दुकानातून घेई आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळून ठेवी. लॅबमध्ये कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. लग्न केलं नव्हतं. वडील गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त होऊन पुढे वारले. लॅबमधलं खिडकीजवळचं टेबल हेच काय ते तिचं स्वतःचं होतं. निवृत्तीपर्यंत कोणी ते काढून घेऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

हिवाळ्यात एका कंपनीची पांढरी, मैद्यासारखी पूड आली. किती टाकायची याचा अंदाज घेण्यासाठी आधी थोड्याशा पुडीत पाणी वाढवत जायचं आणि ती कधी नाहीशी होते ते पाहायचं. हेमलता पाहत राहिली. पाणी तिला गढूळच वाटलं. धुकं डोळ्यांत आहे की फ्लास्कमध्ये, हे कळेना. पूड फारशी विरघळत नाही असं तिने ठरवलं आणि त्या हिशोबाने मोठ्या फ्लास्कांत बेताचीच टाकली.

शेजारच्या टेबलावर आलोक सोनटक्के काम करी. जबलपूरचाच मराठी मुलगा, तिशीचा. मराठी सगळी समजे, बोलताना मात्र हिंदीवर येई. अहवालावर तपासणारा म्हणून त्याची सही असे. त्याची नोकरी अजून पक्की व्हायची होती.

"दीदी, नीचे कुछ बचा है ना? मी बघू का?"

"काहून? माझ्यावर भरोसा नाही?"

"अरे दीदी, तुमच्यावर नाही तर किसपे करूंगा," तो हसला आणि त्याने सही केली.

रोज एक फ्लास्क गाळून, असं तीन दिवस मोजलं; तिन्ही दिवसांची रीडिंग्ज सारखी आली. लॅबचे प्रमुख चंद्रशेखरजी खूश झाले. म्हणाले, "पोतनीस मॅडम का हाथ है, हिलता नहीं."

काही आठवड्यांनी कंपनीचा फोन आला. दुसऱ्या लॅबमध्ये हीच पूड कितीतरी जास्त विरघळली होती. चंद्रशेखरजींनी जपून ठेवलेले फ्लास्क मागवले. आलोकने एक उचलला, मागे काळा कागद धरला आणि दिव्याखाली फिरवला.

"क्या है?" चंद्रशेखरजींनी विचारलं.

"सर, नीचे कुछ नहीं है. पूरा घुल गया है." मग हळूच म्हणाला, "जितना डाला था, वही नापा हमने."

म्हणूनच रीडिंग्ज इतकी सारखी होती. हेमलताने मान वळवून फ्लास्ककडे पाहिलं. आताही तिला तळाशी काहीतरी धूसर दिसत होतं.

"सही तुम्हारी है," चंद्रशेखरजी आलोकला म्हणाले. "देखा था कि आँख मूँद के कर दी?"

आलोकने मान खाली घातली. तो तिचं नाव घेणार नाही, हे तिला कळलं. तो गप्प राहिला असता आणि ती गप्प राहिली असती, तर टेबल तिचंच राहिलं असतं.

"तो पाहणार होता," ती म्हणाली. "मीच पाहू दिलं नाही. मुझे दिखता नहीं है, सर. साल भर से."

चंद्रशेखरजींनी आलोकच्या हातातून फ्लास्क घेऊन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बता देतीं, मॅडम." रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

सोमवारपासून तिने नमुने घेण्या-देण्याच्या खिडकीवर बसायचं ठरलं. आलोक गेटपर्यंत सोबत आला आणि तिला ऑटोत बसवलं. "भैया, दीदी को घर के सामने ही उतारना," असं त्याने बजावलं. आजवर असं तिच्यासाठी कुणी सांगितलं नव्हतं.

घरी तिने रोजच्यासारखा चहा केला. आई खाटेवर पाय सोडून बसली होती.

"आई, मला टेबलावरून उठवलं."

"डोळे?" आईने विचारलं.

हेमलताच्या हातातली किटली तशीच राहिली. "तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगेल? कप भरत आला की चहाचा आवाज बदलतो. दिवाळीपासून तू थांबतच नाही ग. बशीत सांडून राहिली आणि मी पिऊन राहिले."

"मग बोलली काहून नाहीस?"

"तू लपवून राहिली होती. मीही बाबांपासून लपवलं होतं." आई म्हणाली, "माझंच आलं तुझ्याकडे."

हेमलता तिच्याजवळ जाऊन बसली. आईने चाचपडत तिचा हात धरला, तर्जनी सरळ केली आणि कपाच्या काठावरून थोडी आत टेकवली.

"इथं ठेव. आता ओत. बोटाला गरम लागलं की थांबायचं."

हेमलताने डोळे मिटले आणि ओतायला सुरुवात केली.