शेडमधला वॉल्ट्झ

अप्पा गेल्याचं मला सनीव्हेलच्या काकांनी फोनवर सांगितलं. काका माझे नात्यातले कोणी नव्हते. पुण्याचे, चिपच्या कंपनीत इंजिनिअर. अमेरिकेत उतरलो तेव्हा पहिले काही दिवस त्यांच्या सोफ्यावर झोपलो होतो, आणि घरी देऊन ठेवलेला फोन नंबर त्यांचाच होता.

"अरे, बसलायस ना? आधी बस."

"बसलोय," मी म्हणालो. उभाच होतो.

"अप्पा गेले रे. मंगळवारी. ट्रंक कॉल आत्ता लागला. मातीही दिली म्हणाले. तिकिटाचं बघू का? पैशांचा विचार करू नकोस."

"माती दिली ना? मग येऊन काय करू?"

"अरे, पण आई…"

"आईला सांगा, मी कामात आहे."

मागून काकूंचा आवाज आला, "त्याला म्हणावं, रविवारी जेवायला तरी ये."

फोन चर्चच्या स्वयंपाकघरात होता. मी रिसीव्हर ठेवला आणि सिंकमधले कप धुतले. आम्ही मिशनरी जोडीनं काम करायचो. माझा जोडीदार आयोवाचा, उन्हानं सतत सोललेल्या नाकाचा. त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आज राहू दे." मी म्हणालो, "तीन घरं बाकी आहेत." निघालो.

ती घरं लेट्यूसच्या शेतांवर काम करणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांची होती. मला तिथे पाठवलं ते माझ्या रंगामुळे. "तुझा चेहरा त्यांच्यात खपून जाईल," असं वरिष्ठ पाळक म्हणाले होते. तो तसा खपत नव्हता. पोरं मला लांबूनच 'इंदू', म्हणजे हिंदुस्थानी, म्हणून हाक मारायची. पण कुत्री माझ्यावर कमी भुंकायची, हे खरं.

आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. दारू, हुंडा, तमाशा, सट्टा, प्रत्येक पापाचं एक पत्रक. अप्पा ती छापून घ्यायचे, मी घड्या घालायचो आणि आम्ही नगर जिल्ह्यातल्या आठवडी बाजारांतून वाटत फिरायचो. वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकलो. म्हणून स्पॅनिश जरा जमायला लागल्यावर पहिलं काम केलं ते पत्रक लिहायचं. विषय नाच. शनिवारच्या नाचातून बाटली कशी येते, बाटलीतून आठवड्याचा पगार कसा जातो, बायको कशी मार खाते. एक प्रत अप्पांना पाठवली होती. त्यांना एक अक्षर कळणार नव्हतं. त्यांनी उलट टपाली कळवलं, 'ओळी सरळ आहेत.'

त्या दिवशीच्या तिसऱ्या घरात हेच पत्रक भिंतीला चिकटवलेलं होतं. घराच्या धन्याने दारू सोडून वर्ष होत आलं होतं. शनिवारी त्याच्या मुलीची किन्सेआन्येरा होती. मुलगी पंधराची झाली की हा सोहळा करतात. सगळ्यांसमोर बाप तिच्या पायातले सपाट बूट काढतो, उंच टाचांचे घालतो आणि मग तिच्याबरोबर पहिला वॉल्ट्झ नाचतो. बूट बदलायला बाप तयार होता. नाचायला नाही.

"बाटलीबरोबर इतकी वर्षं नाचलास," त्याची बायको तव्यावरची टॉर्टिया उलटत म्हणाली, "आणि पोरीबरोबर एक गाणं जड झालं?"

"बाटली नाचातच हातात यायची. तुला माहीत नाही?" त्याने भिंतीकडे बोट केलं. "एर्मानोनं लिहिलंय ते खरंय."

एर्मानो म्हणजे भाऊ. म्हणजे मी. बायको माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगितलंत तर ऐकेल तो. एकच गाणं."

मी लिहिलं ते मला खरं वाटत होतं. आजही वाटतं. समोर ताट आलं, मी खाल्लं. तिखट होतं एवढं जिभेला कळलं.

निघताना मुलगी दारापर्यंत आली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज रडका नव्हता.

"माझ्या सगळ्या मैत्रिणी बघायला येणारेत. मी मधे एकटी उभी राहू? तुझा बाप कधी नाचला का तुझ्याबरोबर?"

"नाही."

"मग काय करायचात तुम्ही दोघं?"

"चालायचो."

"कुठे?"

"या बाजारातून त्या बाजारात. त्यांचा हात धरून."

माझा जोडीदार हळूच म्हणाला, "याचे वडील गेले परवा." तिने तोंडावर हात ठेवला. मी तिला शनिवारी किती वाजता यायचं ते विचारलं.

चर्चच्या हॉलमध्ये नाचगाण्याला परवानगी नव्हती, म्हणून सोहळा लेट्यूस पॅक करायच्या शेडमध्ये होता. खोकी भिंतीला रचली होती, त्यांवर पांढऱ्या चादरी. नवे बूट उशीवर ठेवून आणायचं काम मला दिलं होतं, परका म्हणून मान. मी उशी नेली. बाप गुडघ्यावर बसला. त्याची बोटं पट्ट्यात अडखळत होती. मुलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवून तोल सांभाळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अकॉर्डियन सुरू झालं, आणि तो उठून बाजूला सरकू लागला.

तिने त्याचा हात सोडला नाही.

"पापा, चल."

"मी नाचत नाही, मिहा, माझ्या पोरी."

"नाचायचं कोण म्हणतंय? चालायचं. एर्मानो आणि त्याचा बाप चालायचे."

त्याने माझ्याकडे बघितलं. शेडमधल्या सगळ्यांनीच बघितलं. त्याने विचारलं, "चालायला हरकत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो.

ते चालले. शेडला वळसा घालून, हातात हात, ती नव्या टाचांवर लटपटत, तो शेतातल्या माणसाच्या लांब ढांगा आवरत. तालाशी त्यांचं काही जुळत नव्हतं. एका मैत्रिणीला हसू फुटलं, मग तिची तीच उठली आणि आपल्या बापाला ओढून त्यांच्या मागे चालू लागली. त्यांच्यामागे आणखी एक जोडी आली. गाणं संपलं तरी कोणी थांबेना, म्हणून अकॉर्डियनवाल्याने पुन्हा सुरुवात केली.

मी खोक्यावर बसून होतो. तिचे जुने सपाट बूट माझ्या मांडीवर, उशीवर. आत अजून काही हललं नव्हतं. जोडीदाराने विचारलं, "ठीक आहेस?" मी मान हलवली. गाण्याच्या चौथ्या की पाचव्या फेरीला बाप माझ्यासमोरून गेला, तेव्हा तो मुलीला सावकाश चालायला सांगत होता.

रविवारी मी बसने सनीव्हेलला गेलो. काकूंनी वरण-भात वाढला. जेवण झाल्यावर मी काकांना म्हणालो, "जरा चालून येऊ या का?"

ते चपला शोधू लागले.