नळी स्वच्छ राहिली त्या दुपारी

विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगशाळेत ती माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची. पिशोर गावची होती आणि संगणकाशी मोठ्यानं भांडायची, ‘लई शहाणा झालास व्हय रे?’

कापसावर फवारलेलं विष मातीत संपवील असं नवं प्रथिन तिला एआयकडून रचून घ्यायचं होतं. पडद्यावर प्रत्येक रचना सुरेख दिसे. प्रत्यक्षात बनवली की नळीत दह्यासारख्या गाठी होत. ‘हा शेवटचा प्रयत्न, नाहीतर विषय बदला,’ असं तिच्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं.

त्या दुपारी नळी स्वच्छ राहिली. चाचणीत विषही कमी झालेलं दिसलं. मी ओरडलोच. तिनं मात्र सारखंच विष घातलेल्या दोन नळ्या माझ्यापुढं ठेवल्या. एकीत प्रथिन, दुसरीत नुसतं पाणी.

‘कशात काय हाय ते सांगणार नाय. आता तू तपास. मला पाहिजे तेच मला दिसतंय का, काय कळंना.’

मी तपासेपर्यंत ती भिंतीकडं तोंड करून ओढणीचं टोक पिळत उभी राहिली.

‘डावीनं विष संपवलंय,’ मी म्हणालो.

‘डावीच ना? नक्की?’

‘डावीच.’

ती मटकन स्टुलावर बसली आणि डोळे पुसून म्हणाली, ‘प्रथिन डावीतच हाय. चल, जेवू आधी. सकाळपासून पोटात काय नाय.’