बाराच्या टेस्टला सगळे पास

लायसन्सची टेस्ट घेणाऱ्या त्या साहेबांना सगळे नापाससाहेब म्हणायचे. इंडिकेटर जरा उशिरा दिला, नापास. आरशात मागची गाडी बघायची सोडून भांग सारखा केला, नापास. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी तीनदा परत पाठवलं होतं. तरी तो जेवायला यायचा, हा मेव्हण्याचा मोठेपणा.

गेल्या वर्षभरात मात्र भलतंच घडायला लागलं. सकाळी साहेब नेहमीसारखेच विंचू, पण बारा वाजून गेले की लोणी. एकाने गाडी मागे घेताना खांब आडवा केला, तर म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही बाळा, खांबच वाटेत उभा होता. पास!" बाराच्या टेस्टसाठी झुंबड उडू लागली. साहेबांना यातलं काही आठवायचं नाही. जेवून आले की स्वतःच्याच सह्या बघून त्यांना घाम फुटायचा.

घरीही तीच तऱ्हा. सकाळी उठल्या उठल्या ते कपाटाला "मागे घ्या, मागे घ्या" म्हणत उभे. बायकोने आधी त्यांच्या तोंडाचा वास घेतला.

"अहो, खरं सांगा. घेता का?"

"अगं, मला खोकल्याचं औषधसुद्धा चढतं!"

दोन घास पोटात गेले की गडी ताळ्यावर येतो, एवढं तिने हेरलं आणि घरी असले की त्यांना दर दोन तासांनी भरवायला घेतलं. साहेबांची पँट दोनदा उसवली. एका डॉक्टरने गॅस सांगितला, दुसऱ्याने टेन्शन. रक्तातली साखर तपासली, तीही भरपेट जेवल्यावर. मग ती कशाला कमी येईल?

मग एका दुपारी टेस्टला एक डॉक्टरीणबाई आल्या. ग्रंथींच्या आजारांत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गाडी मागे घेण्यात मात्र तीनदा नापास. चौथ्यांदाही त्यांनी खांब आडवा केला.

"वा! पास!" साहेब म्हणाले.

बाईंनी आनंद मानायचा सोडून त्यांच्याकडे नीट पाहिलं. शर्ट घामाने चिंब, हात थरथरत होते. "साहेब, तुमचं नाव काय?"

"क्लच," साहेब प्रेमाने म्हणाले.

बाईंनी पर्समधली बारकी मशीन काढून त्यांच्या बोटाला टोचलं. साखर फक्त अडतीस! त्यांनी आपल्याजवळची फळांच्या रसाची बाटली त्यांना घोट घोट पाजली. दहा मिनिटांनी साहेबांनी डोळे चोळले, आडवा खांब पाहिला आणि हातातला फॉर्म फाडला. "नापास!"

"चालेल," बाई म्हणाल्या. "पण आता तुमची टेस्ट मी घेणार."

टेस्ट म्हणजे उपास. दवाखान्यात बहात्तर तासांपर्यंत नुसतं पाणी, आणि ठरल्या वेळी रक्त. एकोणिसाव्या तासाला साहेबांनी सलाईनच्या स्टँडला पास केलं, तशी नर्सने लगेच रक्त घेतलं आणि मग साखर दिली.

बाईंनी बायकोला समजावलं, "साखर घसरली की शरीराने इन्शुलिन बंद करायला हवं. यांचं चालूच आहे. कुठेतरी इन्शुलिन बनवणारी गाठ असणार. फार दुर्मीळ. बहुतेक वेळा साधीच निघते, कॅन्सरची नसते."

बहुतेक वेळा! बायकोने तेवढंच ऐकलं.

स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही. शेवटी तोंडावाटे दुर्बीण घालून आतून सोनोग्राफी केली, तेव्हा स्वादुपिंडाच्या शेपटाशी वाटाण्याएवढी गाठ सापडली.

"वाटाणा?" साहेब खवळले. "एवढ्याशा वाटाण्याने माझ्या सह्या घेतल्या?"

ऑपरेशन झालं, गाठ साधीच निघाली.

घरी आल्यावर काही दिवसांनी एका सकाळी नाश्त्याला उशीर झाला. दहा वाजले, साडेदहा वाजले. बायको धास्तावून दारातून बघत राहिली. साहेबांनी पेपर आपटला. "अगं, या घरात माणसाला उपाशी मारायचं ठरवलंय का? काही शिस्त आहे की नाही?"

बायकोने धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना फोन लावला. डोळे पुसत म्हणाली, "बाई, रिकाम्या पोटी ओरडले हो माझ्यावर! अगदी शुद्धीत!"