कपाटातला पॉवर सप्लाय

दोन हजार साल उलटलं त्या सुमारास रत्नागिरीत केबलवरून इंटरनेट देणाऱ्या एका लहानशा धंद्यात मी नोकरीला होतो. पुढे सायबर कॅफे, मागे माझी खोली आणि खोलीत सगळ्या गिऱ्हाइकांचं इंटरनेट ज्यातून जायचं तो सर्व्हर. त्याला पॉवर सप्लाय दोन. दोघांनी निम्मा निम्मा भार उचलायचा, एकाने मान टाकली तर दुसऱ्याने सगळा पेलायचा, म्हणजे सर्व्हर बंद पडत नाही.

मालकांना हे पटेना. "अरे, एकावर चालतंय ना? मग दुसरा कशाला उगाच झिजवायचा?" असं म्हणून त्यांनी दुसरा स्वतःच्या हाताने उपसून काढला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि कपाटात ठेवला. आमच्याकडे चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी कपाटात राहतात आणि घरची माणसं कान तुटलेल्या कपातून चहा पितात, त्यातलाच हा प्रकार. मी भांडलो. पालथ्या घड्यावर पाणी! माणूस वाईट नव्हता, पण काटकसर हाडात मुरलेली.

कॅफेत मांडवीच्या एक काकू यायच्या. कानांनी ठार बहिऱ्या, मुलगा जहाजावर. फोनचा त्यांना काही उपयोग नव्हता, पण समोरच्याच्या ओठांवरून बोलणं बरोबर कळायचं. जहाज बंदराला लागलं की मुलगा शेजाऱ्यांच्या फोनवर वेळ कळवायचा आणि काकू वेबकॅमसमोर येऊन बसायच्या. चित्र अडखळत यायचं, तरी नजर त्याच्या तोंडावरून हलायची नाही.

त्या दिवशी त्याचं जहाज संध्याकाळी सुटणार होतं आणि पुढे कित्येक महिने भेट नव्हती. काकू दुपारीच ठेवणीतली साडी नेसून आल्या. मी कॅमेरा लावतोय तोच आतून जळका वास आला. मालकांनी त्याच आठवड्यात सर्व्हरला आणखी डिस्का जोडल्या होत्या, आणि एकट्याने सगळं ओढणारा पॉवर सप्लाय गेला.

मालक तर खूश झाले. "बघ! यासाठीच जपून ठेवला होता." देव्हाऱ्यात टाक ठेवावा तशा हाताने त्यांनी दुसरा आत बसवला. दिवा लागला नाही. काढून पाहिला तर जोडाच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या. चालू असता तर स्वतःच्याच उबेने कोरडा राहिला असता. कपाटात खाऱ्या हवेने त्याला खाल्लं. मी खोडरबराने पट्ट्या घासल्या, फुंकरा मारल्या, शिव्या घातल्या. नुसता संताप झाला, पण संतापाने दिवा लागत नाही. नवा मुंबईहून यायचा होता. मालक पिशवीची घडी घालत उभे राहिले.

काकू रिकाम्या स्क्रीनसमोर तशाच बसून होत्या. तेवढ्यात कॅफेचा फोन वाजला. मुलगाच होता. मी काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "दादा, मग मी बोलतो, तसं तुम्हीच आईला सांगा. मी बरा हाय म्हणावं. गुडघ्याला तेल लावीत जा म्हणावं."

मी काकूंसमोर बसलो आणि त्यांना ओठ नीट दिसावेत म्हणून सावकाश, शब्द तोडून म्हणालो, "मी बरा हाय, आये. गुडघ्याला तेल लावीत जा."

काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान वळवली.

"नको रे बाबा," त्या हळूच म्हणाल्या. "मला त्याचं तोंड बघायचं होतं."

निदान त्याला आईचा आवाज तरी ऐकू जावा म्हणून मी रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला, तो त्यांनी बाजूला सारला.

"काय म्हणाली आई?" पलीकडून त्याने विचारलं.

"बरं म्हणाल्या," मी सांगितलं.