भरलेला चौकोन

मेघना राऊतच्या नावावर अकरा शोधनिबंध होते आणि त्यांतले सात एकाच घरातून आले होते. निर्मळ गावच्या वाडीत केळी-फुलांत वाढलेली ही मुलगी मुंबईच्या एका कॉलेजात आनुवंशिक आजारांवर संशोधन करू लागली, तेव्हा तिला जूचंद्र गावातलं हे घर सापडलं. या घरात चाळिशीच्या आसपास माणसाचे हातपाय आपल्या मनाने हलू लागत. मग मन जाई, मग माणूस. एकनाथ, घरचा कर्ता, तसाच गेला होता.

निबंधात नावं नसतात. बाई म्हणजे वर्तुळ, पुरुष म्हणजे चौकोन; आजारी असेल तो काळा भरायचा. पहिल्या निबंधातला तो वंशवृक्ष मेघनाने चौदा वर्षांपूर्वी एकनाथच्या बायकोला, शांतामावशींना छापून दिला. त्यांनी तो देव्हाऱ्याशेजारी चिकटवला. पुढच्या खेपेला मेघनाने पाहिलं, तर थोरली लेक मीरा, तिचं वर्तुळ काजळाने भरलेलं. मीरा तेव्हा धडधाकट होती, समोर बसून भाजी निवडत होती. आठ महिन्यांनी तिच्या हातातून ताट निसटू लागलं. रक्तातही तेच निघालं.

"तुम्हाला आधीच कसं कळलं, मावशी?"

"हात सांगतो बाय. आपुन नजर नाय काढायची."

काही वर्षांनी मावशींनी मुलाचा, जयवंतचा चौकोन भरला. त्याचेही हात थरथरू लागले. झोप गेली, नोकरी सुटली, ठरलेलं लग्न मोडलं. मेघनाने त्यावर लिहिलं: घरचे लोक डॉक्टरांच्या आधी आजार ओळखतात. तिचा सर्वांत गाजलेला निबंध तोच. वस्त्यांमधल्या मानसिक आरोग्यावर परिषद भरली की कोणी ना कोणी त्याचा दाखला देई. जयवंतचं रक्त मात्र तपासलेलं नव्हतं. तो टाळत राहिला, आणि तिनेही आग्रह धरला नाही. समोर दिसतंय की, असं तिने स्वतःला सांगितलं.

गेल्या महिन्यात त्याने अखेर रक्त दिलं. आज दुपारी ती रिपोर्टचं पाकीट घेऊन आली होती.

"जयवंत, तुला हा आजार नाही. कधीच नव्हता."

जयवंतने आपल्या हातांकडे पाहिलं. ते थांबले. चार वर्षांत पहिल्यांदा मांडीवर नुसते पडून राहिले, कोणीतरी ठेवून गेल्यासारखे.

"तो निबंध मी मागे घेणार आहे," मेघना म्हणाली. "चूक माझी होती."

"ते राहू दे," मावशी म्हणाल्या. "मंग कोन? अनुष्का का तेजस?"

"म्हणजे?"

"चार पोरं. अर्ध्यांना होतो, तूच बोललीस. मीरा गेली. जयवंत नाय, तर दुसरा कोन?"

मेघनाला आत्ता उमगलं. हे घर इतकी वर्षं याच आधारावर उभं होतं. दोन भरले, म्हणून दोन सुटले. म्हणूनच अनुष्का सुखाने सासरी गेली, तेजसने लग्न केलं, त्याला मुलगी झाली. आपलं बोलणं यांना काय समजलं, हे या घरावरच्या सात निबंधांत तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"तसं नसतं, मावशी. प्रत्येकासाठी नाणं नव्याने उडतं. चौघंही सुटू शकली असती."

"बाप एक, घर एक. मंग नानं येगलं कसं?"

बाहेर बाईक थांबली. जयवंत पुढे झुकला. "मॅडम, पाकीट आत ठेवा. तेजसला लहान पोर आहे. माझा चौकोन भरलेलाच राहू द्या." आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याचे हात पुन्हा सुरू झाले. आधी बोटं, मग मनगटं.

तेजस लेकीला कडेवर घेऊन आत आला. "काय मॅडम, नवीन पेपर? आम्हाला फेमस करूनच सोडणार तुम्ही! दादाचं काय आलं?"

"आहे तसंच," जयवंत म्हणाला.

रिपोर्ट त्याचा होता. तो फोडायचा हक्क मेघनाला नव्हता. "तेजस, तूही एकदा रक्त देतोस का?" एवढंच तिने विचारलं.

"मी? मला काय झालंय? दादाने घेतलंय ना आमच्या वाट्याचं!" तो हसला, भावाच्या पाठीवर थाप मारली आणि पाण्याचा पेला उचलला.

शांतामावशी जागच्या हलल्या नाहीत. त्या तेजसच्या मनगटाकडे पाहत होत्या. पेल्यातलं पाणी जरासं हिंदकळलं. कडेवरची पोर पाय झाडत होती म्हणून, बहुधा. मेघनाने मान वळवायचा प्रयत्न केला. तिची नजर तिथून निघेना.