दिलेला देव परत मागितला

मंडळी, बोलतेय मी आणि टाइप करतेय नात. चुका सगळ्या तिच्या, कारण मला अक्षरच येत नाही.

आज दुपारी आम्ही मैत्रिणी शेजारच्या मार्थाबाईंकडे नाताळच्या फराळाला जमलो होतो. तिथं त्यांचा इंदूरचा लेक म्हणाला, "मम्मी, मी देव मानत नाही. येशू भला माणूस होता, बस."

मार्थाबाईंचा चेहरा उतरला. आधारासाठी त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

जमीलाआपा म्हणाल्या, "हमारे तो वो नबी हैं, बड़ी इज़्ज़त है. मगर ख़ुदा के बेटे नहीं."

राहेलबाई यहुदी. त्या म्हणाल्या, "तो आमच्यातलाच हो. पण आम्ही ज्याची वाट पाहतोय, तो मसीहा अजून यायचाय."

मी म्हटलं, "माझ्याकडे तर तो देवघरातच आहे, माताजीच्या शेजारी! रोज फूल वाहते."

वाटलं, मार्थाबाई गळ्यात पडतील. त्या तर रडायलाच लागल्या. "या सगळ्यांनी निदान सरळ नाही म्हटलं. तुम्ही त्याला गर्दीत बसवलंत, ताई! माझी तसबीर परत द्या."

आमचे हे दवाखान्यात होते, तेव्हा मार्थाबाईंनीच येशूची ती तसबीर माझ्या हातात ठेवली होती. तेव्हापासून मनातलं सगळं मी त्याला सांगत आलेय. आज काढून दिली. न मानणाऱ्या लेकाला केक मिळाला आणि मानणाऱ्या मला दगा.

आपल्या माणसाला आपण घरच्यांतच बसवतो ना? मग मी त्याला आणखी कुठं बसवायला हवं होतं?