धरणारी आणि गोंजारणारी

जनावरांच्या दवाखान्यात थोरली धरायची आणि धाकटी गोंजारायची. दोघी जावा, सकाळी एकाच घरातून डबे घेऊन निघायच्या. कामाची वाटणी डॉक्टरांची. सुई टोचताना, जखम धुताना जो धरतो, त्याच्यावर जनावर डूख धरतं. म्हणून धरणारं माणूस एकच असावं आणि लाड करणाऱ्यानं त्या वेळी बाहेर थांबावं. निदान एकावर तरी त्याचा विश्वास राहतो. थोरलीच्या दंडात जोर होता, म्हणून धरणं तिच्या वाट्याला आलं.

व्हायचं तेच झालं. थोरली आत आली की मांजरं फिस्कारायची, कुत्री बाकाखाली शिरायची. धाकटी आली की तीच मेली शेपट्या हलवत तिच्या अंगावर! थोरलीच्या पोटात दुखायचं, आणि ते तिनं कधी लपवलंही नाही. त्यात धाकटी मदतनिसाच्या परीक्षेला बसलेली. घरी भांडी घासताना पाठांतर चालायचं.

"अभिस्तर ऊती, म्हणजे वरचं आवरण. संयोजी ऊती, जोडणारी, आधार देणारी. स्नायू ऊती हालचालीला, चेता ऊती निरोप पोचवायला."

"ताटाला साबण राहिलाय," थोरली म्हणायची. "त्याला काय म्हणतात, तेही सांग."

लाड हिचे, आणि आता विद्याही हिचीच!

थोरलीचं म्हणावं असं जगात एकच जनावर होतं, घरचा ठोंब्या. हा कुत्रा धाकटीला ओलांडून यायचा आणि थोरलीच्या पावलावर हनुवटी टेकून झोपायचा. तेवढ्यावर ती तग धरून होती.

एक दिवस ठोंब्या पत्र्याच्या कुंपणातून घुसायला गेला आणि मांडी फाडून आला. दोघींनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं.

"काय दिसतंय?" डॉक्टरांनी धाकटीला विचारलं.

"कातडी गेलीय. खालची संयोजी ऊती फाटलीय. स्नायू वाचलाय."

"बरोबर. टाके बसायचे नाहीत, रोज धुवावं लागेल. लाल दाणे दिसायला लागले की नवी ऊती धरतेय समजायचं, ते खरवडायचे नाहीत. मग कडेनं कातडी सरकत येईल." डॉक्टर थोरलीकडे वळले. "हं, धरा."

थोरलीचे हात उचलेनात. आज याला धरलं की उद्या हाही बाकाखाली शिरणार.

"ताई, तुम्ही बाहेर थांबा," धाकटी म्हणाली. "याला मी धरते."

आवळा देऊन कोहळा काढतेय की काय, हेच थोरलीच्या मनात आधी आलं. तरी ती बाहेर गेली. गेली कसली, पळाली.

मग रोज आतून ठोंब्याचं केकाटणं आणि बाहेर हातात बिस्किट घेऊन थोरली, असं चाललं. जखमेत लाल दाणे भरले, कडेनं गुलाबी कातडी आली. आणि ठोंब्या धाकटीवर गुरगुरायला लागला. ती स्वयंपाकघरात आली की दात विचकायचा. थोरलीला वाईट वाटायला हवं होतं, पण झाला तो आनंदच. काम करताना ती गुणगुणायलासुद्धा लागली.

धाकटी सगळं हसण्यावारी न्यायची. पण एका संध्याकाळी ती जमिनीवर बसून तळहातावर बिस्किट धरून त्याला बोलवत होती. ठोंब्यानं पाठ फिरवली. धाकटीनं बाहीनं डोळे पुसले. बाही वर सरकली, तेव्हा मनगटावरचे ओरखडे दिसले.

"तुम्ही हे रोज कसं सहन करता हो, ताई?"

"सवय होते," थोरली म्हणाली. होत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक!

ती गुडघे मोडून जावेशेजारी बसली. तिचा हात आपल्या हातात घेतला आणि बिस्किटासकट पुढे केला. "ठोंब्या, ये रे. आपलीच आहे ती."

तोंडानं असं म्हणाली. मनात म्हणत होती, घेऊ नकोस रे, घेऊ नकोस.

ठोंब्यानं थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं, लंगडत आला, आणि धाकटीच्या हातातलं बिस्किट घेतलं. वर तिची बोटंही चाटली.

"घेतलं बघ," थोरली म्हणाली, आणि घासून ठेवलेली भांडी पुन्हा घासायला उठली.